दुआ मागताना शब्दच सुचत नाहीत. तरी ती दुआ होते का?

अर्धी_ओंजळ

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. आतापर्यंत इथे फक्त वाचलंय, तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न दुआचा आहे. नमाजचा नाही. नमाजचं सगळं ठरलेलं असतं, वेळा, रकाती म्हणजे नमाजच्या फेऱ्या, शब्द. मी म्हणतेय ते नमाजच्या शेवटी सलाम फिरवल्यावर हात उचलून आपण आपलं जे मागतो त्याबद्दल. लहानपणी पाठ केलेल्या अरबी दुआ माझ्या तोंडात इतक्या बसल्यात की 'रब्बना आतिना' कधी सुरू झाली आणि कधी संपली हे मलाच कळत नाही. मधल्या वेळात मी उद्याच्या मीटिंगची तयारी करून मोकळी झालेली असते. खोटं कशाला बोलू.

म्हणून ठरवलं की आपल्या शब्दांत मागायचं. तर तिथे वेगळीच पंचाईत. "या अल्लाह" म्हटलं आणि गाडी अडली. मराठीत बोलायला लागले तर माझाच आवाज मला नाटकी वाटायला लागला, रजेचा अर्ज वाचून दाखवल्यासारखा. परवा इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर पाच मिनिटं नुसती बसून राहिले. शेवटी म्हणाले, "मला सुचत नाहीये, तुला माहीतच आहे." चेहऱ्यावरून हात फिरवले आणि उठले.

आणि खरा प्रश्न पुढे आहे. एक गोष्ट मी दोन वर्षं मागतेय. काय ते इथे लिहीत नाही. अलीकडे मागतानाच आतून कुणीतरी म्हणतं, "कोण ऐकतंय?" मग अपराधी वाटतं, कारण पहिल्यापासून ऐकलंय की पूर्ण यकीन, म्हणजे खात्री, नसेल तर दुआ कबूल होत नाही. यकीन नाही म्हणून दुआ लागत नाही, दुआ लागत नाही म्हणून यकीन उरत नाही. घाण्याच्या बैलासारखं चाललंय.

तुम्ही कसं मागता? उपदेश चालतील, पण अनुभव असतील तर आधी ते सांगा.

पहाटपक्षी

अगदी माझ्या मनातलं लिहिलंस. फक्त मीटिंगच्या जागी मुलांचा अभ्यास घाल. बाकी सगळं तेच. वाचतेय.

तिरकस_रेघ

मी परीक्षेच्या आदल्या रात्रीचा औलिया आहे. तहज्जुद (मध्यरात्रीची नमाज) काय, तसबीह (जपमाळ) काय, डोळ्यांत पाणी काय. निकाल लागला की माझी आणि जायनमाजची (नमाजच्या चटईची) भेट पुढच्या परीक्षेला. हलके घ्या.

संदर्भ_द्या

@तिरकस_रेघ, अभिनंदन. तुमचं वर्णन कुरआनात आलेलं आहे. सूरह यूनुस, आयत १२. माणसावर संकट आलं की तो पडल्यापडल्या, बसल्याबसल्या, उभ्याउभ्या आम्हाला हाक मारतो, आणि संकट दूर केलं की असा निघून जातो जणू त्याने कधी हाक मारलीच नव्हती.

तिरकस_रेघ

आई गं. आयत नंबरासकट.

संदर्भ_द्या

आता मूळ प्रश्नाकडे. सूरह बकराची आयत १८६ सगळ्यांना माहीत असते: माझे बंदे तुला माझ्याबद्दल विचारतील तर मी जवळ आहे, हाक मारणारा हाक मारतो तेव्हा मी त्याच्या हाकेला उत्तर देतो. यातली एक गंमत मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कुरआनात "ते तुला विचारतात" अशी सुरुवात अनेक ठिकाणी आहे. चंद्रकोरीबद्दल विचारतात, दारू-जुगाराबद्दल विचारतात, आणि लगेच पुढे येतं 'कुल', म्हणजे "तू सांग". इथे ते 'कुल' नाही. प्रश्न पैगंबरांना (स.) विचारलाय आणि उत्तर मध्ये कुणालाही न घेता थेट आलंय, "मी जवळ आहे." तफसीर (कुरआनावरची टीका) लिहिणाऱ्यांनी हे आवर्जून टिपलंय.

दुसरं, ही आयत कुठे आहे ते बघा. १८३ पासून रोजांचे नियम सुरू होतात. आजारी असाल तर काय, प्रवासात असाल तर काय. १८७ मध्ये पुन्हा नियम. मधेच ही एक. कायदेकानून सांगता सांगता कुणी खांद्यावर हात ठेवावा तशी.

ताईंचं "मला सुचत नाहीये" याबद्दल माझं मत: ती दुआ झाली. नुअमान इब्न बशीर यांच्याकडून तिर्मिजी आणि अबू दाऊद या संग्रहांत हदीस (पैगंबरांचं वचन) आहे की दुआ हीच इबादत, म्हणजे उपासना आहे. मागितलेलं मिळणं हा पुढचा भाग. हात उचलले तिथेच एक काम झालेलं असतं.

वाटसरू

मी मुस्लिम नाही, उत्सुकतेपोटी वाचतोय. नमाज आणि दुआ वेगळ्या हे आजच कळलं, आतापर्यंत एकच समजत होतो. बाळबोध प्रश्न आहे, राग मानू नका: दुआ मागायलाही हातपाय धुणं, दिशा, वेळ असं काही लागतं का?

पहाटपक्षी

राग कसला. नाही, काहीच लागत नाही. नमाजला वजू हवं, किब्ल्याकडे तोंड हवं. दुआला यातलं काही सक्तीचं नाही. वजू असेल, किब्ल्याकडे तोंड असेल तर चांगलंच. पण जिन्यात, गाडीत, अंथरुणात, कुठेही मागता येते. बायकांना पाळीच्या दिवसांत नमाज नसते, पण दुआ असते. त्या दिवसांत मी उलट जास्त मागते, कारण दुसरं काही नसतं.

इल्म_आधी

ताई, तुमची कळकळ समजते. पण आपल्या शब्दांच्या मागे लागण्याआधी मस्नून दुआ नीट शिका, म्हणजे पैगंबरांनी (स.) स्वतः मागितलेल्या. त्यांत काय मागावं आणि कसं मागावं दोन्ही आहे. फुजाला इब्न उबैद यांच्या हदीसमध्ये येतं की एका माणसाने नमाजमध्ये ना अल्लाहची स्तुती केली, ना दुरूद (पैगंबरांसाठीची दुआ) पढला, सरळ दुआ सुरू केली. त्यावर पैगंबर (स.) म्हणाले, "याने घाई केली." म्हणजे रीत आहे: आधी हम्द (स्तुती), मग दुरूद, मग आपलं मागणं, शेवटी पुन्हा दुरूद. तोंड उघडलं आणि यादी वाचली असं नाही.

आणि मराठीत मागायचंच असेल तर नमाजच्या बाहेर. हनफी मसलकाप्रमाणे (पंथाप्रमाणे) नमाजच्या आत, सजद्यात (कपाळ जमिनीला टेकलेलं असताना) सुद्धा, अरबीशिवाय दुसऱ्या भाषेत दुआ करू नये.

निळी_शाई

@इल्म_आधी, शेवटचा मुद्दा हनफी मसलकापुरता बरोबर. पण अरबी येत नाही त्याने सजद्यात आपल्या भाषेत मागावं असं म्हणणारेही आलिम (धर्मपंडित) आहेत. मुस्लिम शरीफ या हदीससंग्रहात आहेच की बंदा आपल्या रबच्या सर्वांत जवळ सजद्यात असतो, म्हणून तिथे भरपूर दुआ करा. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावं, इथे मसलकांची लढाई नको.

नमाजच्या बाहेर मात्र भाषेचं बंधन कुणीच घालत नाही.

आणि धागाकर्ती, तुला अर्ज वाचल्यासारखं का वाटतं याचा मला अंदाज आहे. तू बहुतेक "कृपा करून माझ्यावर दया करावी, आपण सर्वशक्तिमान आहात" असलं बोलत असणार. ही मराठी आपण कुणाशीच बोलत नाही. मराठीत अहोजाहो साहेबाला. आईला 'तू' आणि अल्लाहलाही 'तू'. अरबी दुआ बघ, 'ला इलाहा इल्ला अन्त'. 'अन्त' म्हणजे तू. एकवचनी. यूनुस (अ.) माशाच्या पोटातून हेच म्हणाले: तुझ्याशिवाय कुणी नाही, तू पवित्र आहेस, चूक माझीच. एवढंच. "मला बाहेर काढ" हे त्यात नाहीच!

अर्धी_ओंजळ

@निळी_शाई, तू माझ्या घरात कॅमेरा लावलायस का? 'आपण' म्हणत होते. अगदी 'आपण'. उठताना मात्र 'तुला माहीतच आहे' असं निघालं, आणि तेवढंच एक वाक्य खरं वाटलं होतं.

कोरी_पाटी

अनुभव विचारलायत म्हणून लिहितो. लांबेल.

अब्बा सहा आठवडे दवाखान्यात होते. अतिदक्षता विभागाबाहेर लोखंडी बाक होता, तीन जणांचा, मधली सीट मोडलेली. मी आणि अम्मी दोन टोकांना. मी सांगतोय ती दुआ मी त्या बाकावर केली. एकच वाक्य, "अब्बांना बरं कर." तसबीहच्या मण्यावर मणी सरकवावा तसं. हम्द नाही, दुरूद नाही, @इल्म_आधी माफ करा, श्वासच तेवढा होता.

चौथ्या आठवड्यात डॉक्टर बोलायचे थांबले. म्हणजे बोलत होते, पण "बघू" एवढंच. तेव्हा मला अल्लाहचा राग आला होता. लिहायला लाज वाटते, पण आला होता. मी नमाज पढत होतो आणि दुआला हात उचलत नव्हतो. अम्मीने बघितलं. काही बोलली नाही. माझ्या शेजारी बसून तिने स्वतःची दुआ जरा मोठ्याने सुरू केली, मला ऐकू जाईल अशी. ती म्हणत होती, "ह्याचं मन मोडू देऊ नकोस."

माझ्यासाठी मागत होती. अब्बा आत होते आणि ती माझ्यासाठी मागत होती.

शेवटच्या आठवड्यात माझी दुआ "त्यांचं सोपं कर" अशी झाली. मी ठरवून बदलली नाही. एके पहाटे लक्षात आलं की गेले दोन दिवस आपण हेच म्हणतोय. अब्बा झोपेत गेले.

पहिलं वाक्य कबूल झालं नाही, दुसरं झालं. आता याला ऐकलं म्हणायचं की नाही म्हणायचं, मला तीन वर्षांत ठरवता आलेलं नाही. पण त्या बाकावर मी एकटा होतो असं आज मागे वळून बघताना वाटत नाही. इतकंच सांगू शकतो.

पहाटपक्षी

दादा. _/\_ अल्लाह त्यांना मगफिरत (क्षमा) देवो.

चष्मा_शोधतोय

आमीन. तुमच्या अम्मींना या म्हाताऱ्याचा सलाम सांगा.

इल्म_आधी

अल्लाह मरहूमांचे दर्जे बुलंद करो.

सर्वांसाठी एक गोष्ट नोंदवतो. दुआ कबूल न होण्याची कारणंही आपण तपासली पाहिजेत. मुस्लिममध्ये त्या प्रवाशाची हदीस आहे: लांबचा प्रवास, विस्कटलेले केस, धुळीने भरलेला, आकाशाकडे हात पसरून "या रब, या रब" म्हणतोय. पण त्याचं खाणं हराम, पिणं हराम, कपडा हराम. मग त्याची दुआ कशी कबूल व्हावी? तेव्हा कमाई, गुनाह, तोडलेली नाती, सगळं बघावं लागतं.

निळी_शाई

हदीस खरी आहे. पण वेळ आणि जागा बघता की नाही? वरती माणूस वडिलांबद्दल लिहितोय आणि त्याखाली तुम्ही "कमाई तपासा" लिहिता? ती हदीस माणसाने स्वतःच्या आरशात बघायची आहे. दुसऱ्याच्या तोंडासमोर धरायची नाही.

इल्म_आधी

मी 'सर्वांसाठी' असं स्पष्ट लिहिलं होतं. कोरी_पाटी यांच्याबद्दल अजिबात नव्हतं.

कोरी_पाटी

मला लागलं नाही, राहू द्या. खरं तर तेव्हा मीही हेच शोधत होतो की माझं काय चुकलं. एका नातेवाइकाने तोंडावर विचारलंही होतं, "नमाज वेळेवर होती ना?" त्याच्यापेक्षा इल्म_आधी बरे.

इल्म_आधी

माझी वेळ चुकली. प्रतिसाद संपादित होत नाहीये, नाहीतर खाली हलवला असता.

तिरकस_रेघ

आता जरा गंभीर. तीन प्रकारे दुआ कबूल होते असं सांगतात ना? एक तर मागितलेलं मिळतं, नाहीतर आखिरतसाठी (मरणानंतरच्या जीवनासाठी) जमा होतं, नाहीतर तेवढीच एखादी बला टळते. मला यात एक अडचण आहे. हा हिशेब कधी चुकूच शकत नाही. मिळालं तर कबूल, नाही मिळालं तर जमा, दोन्ही दिसलं नाही तर न दिसणारी बला टळली. माझ्या एखाद्या मित्राने उधारी अशी फेडली असती तर मी त्याला सोडला नसता.

संदर्भ_द्या

ती हदीस अबू सईद खुदरी यांच्याकडून आहे, मुस्नद अहमदमध्ये. तिचा शेवट लोक सांगत नाहीत. सहाबा, म्हणजे पैगंबरांचे सोबती म्हणाले, मग तर आम्ही खूप मागू. उत्तर आलं, अल्लाहकडे त्याहून खूप आहे.

तुमचा आक्षेप तपासणीच्या दृष्टीने बरोबरच आहे. हे बाहेरून मोजून सिद्ध करता येत नाही, आणि ती हदीस तसा दावाही करत नाही. पण दर वेळी आपण लगेच "जमा झालं असेल" म्हणून सारवासारव करतो, ते मलाही पटत नाही, कारण आपल्याच ग्रंथांत सरळ 'नाही' आहे. नूह (अ.) मुलासाठी बोलले, "माझा मुलगा माझ्या घरच्यांपैकी आहे." उत्तर आलं, तो तुझ्या घरच्यांपैकी नाही, ज्याची तुला माहिती नाही ते मागू नकोस. सूरह हूद, ४५ आणि ४६. आणि मुस्लिममध्ये खुद्द पैगंबरांची (स.) हदीस आहे: मी माझ्या रबकडे तीन गोष्टी मागितल्या, दोन दिल्या, एक दिली नाही. उम्मत (माझे अनुयायी) दुष्काळाने नष्ट होऊ नये, मिळालं. बुडून नष्ट होऊ नये, मिळालं. आपसांत लढू नये, ते नाही मिळालं. त्यांनी स्वतः सांगितलं की नाही मिळालं. कसलीही मखलाशी नाही.

तिरकस_रेघ

ही मला माहीत नव्हती.

आणि त्या तिसऱ्या गोष्टीचा पुरावा या धाग्यातच आहे, निळी_शाई विरुद्ध इल्म_आधी.

निळी_शाई

:)) गप रे.

वाटसरू

पुन्हा बाळबोध शंका. सगळं आधीच ठरलेलं असेल, तकदीर वगैरे, तर मागून काय फरक पडणार?

चष्मा_शोधतोय

वाटसरूराव, हा प्रश्न बाळबोध नाही, नऊशे वर्षांपूर्वी इमाम ग़ज़ालींनीही घेतला होता (ते ११११ साली वारले). त्यांचा दाखला साधा आहे. बाण येणार हे ठरलेलं, तशी ढालही ठरलेली. पीक यायचं ठरलेलं म्हणून कुणी बियाण्याला पाणी घालायचं थांबत नाही. दुआ म्हणजे ती ढाल, ते पाणी. तीही तकदीरच्या आतलीच.

आणि उलट बाजूही आहे. एकाने पैगंबरांना (स.) विचारलं, उंट बांधू आणि भरवसा ठेवू, की मोकळा सोडून भरवसा ठेवू? म्हणाले, बांध आणि भरवसा ठेव. आमचे तिरकस_रेघ उंट न बांधता फक्त तहज्जुदला उठतात, म्हणून निकाल तसा लागतो.

तिरकस_रेघ

काका, तुम्हीपण?

पहाटपक्षी

अवांतर: दुआनंतर चेहऱ्यावरून हात फिरवावे की नाही? आमच्याकडे दोन मतं आहेत आणि घरात शीतयुद्ध आहे.

इल्म_आधी

त्याबद्दलच्या हदीसांच्या सनदीवर, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं त्या साखळीवर, मतभेद आहेत. काही आलिम जईफ (कमकुवत) मानून सोडून देतात, काही सगळ्या मिळून ग्राह्य धरतात.

पहाटपक्षी

म्हणजे युद्ध सुरूच राहणार. धन्यवाद.

निळी_शाई

धागा भरकटतोय. ओंजळचा यकीनचा प्रश्न तसाच राहिलाय.

त्यावर माझं मत. "यकीन ठेवून मागा" याचा अर्थ आपण "मनात शंकेचा कणही नको" असा करून घेतलाय. बुखारी आणि मुस्लिममध्ये जे आहे ते असं, "तुझी इच्छा असेल तर मला माफ कर" असं म्हणू नका, ठामपणे मागा, कारण अल्लाहवर जबरदस्ती करणारं कुणी नाही. म्हणजे मागण्यात आडपडदा नको. आत काय वाटावं याची परीक्षा त्यात नाही.

जकरिया (अ.) बघ. सूरह मरियमची सुरुवात. म्हातारपण, हाडं ठिसूळ झालीत, डोकं पांढऱ्या केसांनी पेटल्यासारखं झालंय. हळू आवाजात, कुणाला कळणार नाही असं ते मागतात. आणि म्हणतात, तुला हाक मारून मी कधी विन्मुख राहिलो नाही. याहून मोठं यकीन काय असणार? मग खुशखबर येते, तुला मुलगा होईल, त्याचं नाव यह्या. आणि हाच माणूस विचारतो काय, तर "मला मुलगा कसा होईल? बायको वांझ, मी इतका म्हातारा!" अरे, तूच मागितलास ना! मला हे दर वेळी वाचताना हसू येतं आणि धीरही येतो. मागणाऱ्यालाच विश्वास बसत नाहीये. त्याबद्दल त्यांना कुणी रागावलं नाही. "तुझ्या रबला हे सोपं आहे," एवढंच उत्तर आलं.

संदर्भ_द्या

याला जोडून उम्मे सलमा (र.). नवरा अबू सलमा वारल्यावर त्यांनी पैगंबरांनी (स.) शिकवलेली दुआ म्हटली, "मला या मुसीबतीचं अज्र (पुण्यफळ) दे आणि याच्या बदल्यात याहून चांगलं दे." त्या स्वतः सांगतात, मला वाटलं, अबू सलमापेक्षा चांगला कोण असणार? तरी मी ती दुआ म्हटली. पुढे त्यांचं लग्न पैगंबरांशी (स.) झालं. मुस्लिममध्ये आहे. शंका त्यांनी लपवली नाही, आणि शंका होती म्हणून दुआ सोडलीही नाही.

आणि दोन वर्षांबद्दल. हदीसमध्ये 'घाई' कशाला म्हटलंय बघा. "तुमच्यातल्या प्रत्येकाची दुआ कबूल होते, जोवर तो घाई करून असं म्हणत नाही की मी मागितलं आणि कबूल झालं नाही." किती वर्षं झाली की घाई संपते, असं त्यात काही दिलेलं नाही.

अर्धी_ओंजळ

सगळं दोनदा वाचलं. जकरिया (अ.) यांची आयत मी शंभरदा पढली असेन. त्यांचा तो दुसरा प्रश्न कधी ऐकूच आला नव्हता. उच्चार बरोबर करण्यात सगळं लक्ष.

चष्मा_शोधतोय

माझाही एक अनुभव घ्या. लोक निरोप घेताना म्हणतात ना, "दुआओं में याद रखना." आपणही "हो हो" म्हणतो आणि दारापर्यंत पोचेस्तोवर विसरतो. एकदा एका ओळखीच्या माणसाने वर्षभराने विचारलं, "तुम्ही माझ्यासाठी दुआ करत होतात ना? काम झालं." मी एकदाही केली नव्हती. तो माझा हात धरून आभार मानत होता आणि मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं.

त्या दिवसापासून वही ठेवली. शाळकरी, चौकटीची. नाव आणि पुढे एका ओळीत काय हवं ते. फज्रनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, एक पान वाचतो. काम झालं की शेजारी बारीक टिंब देतो. काही नावं अकरा वर्षं टिंबाविना आहेत. काही नावांची माणसंच राहिली नाहीत, तरी खोडत नाही, फक्त मागणं बदलतो.

मुस्लिममध्ये अबू दरदा यांची हदीस आहे. भावाच्या पाठीमागे त्याच्यासाठी दुआ केली तर फरिश्ता म्हणतो, आमीन, आणि तुलाही तसंच. तर ओंजळताई, स्वतःसाठी शब्द सुचत नसतील तर दुसऱ्यासाठी सुरू करा. तिथे नाटकी वाटत नाही. तिथे लाज आड येत नाही.

तिरकस_रेघ

म्हणजे मला नोकरी हवी असेल तर मी मित्राच्या नोकरीची दुआ करायची आणि फरिश्त्याकडून कमिशन घ्यायचं? हे चालतं?

चष्मा_शोधतोय

करून बघा. मीही लबाडीनेच सुरू केलं होतं. चार दिवस कमिशनचं लक्षात राहतं, मग मित्राची खरीच काळजी वाटायला लागते. तिथे फसगत होते.

संदर्भ_द्या

उलट उदाहरणही आहे, बुखारीत. एका बदूने (वाळवंटातल्या भटक्या अरबाने) नमाजमध्ये दुआ केली, "या अल्लाह, माझ्यावर आणि मुहम्मदांवर रहम कर, आणि आमच्यासोबत दुसऱ्या कुणावरही करू नकोस." सलामनंतर पैगंबर (स.) त्याला म्हणाले, "तू एक विशाल गोष्ट अरुंद करून टाकलीस."

तिरकस_रेघ

हा माझा माणूस.

वाटसरू

:) मी आता इथून हलत नाही.

अर्धी_ओंजळ

चार दिवसांनी लिहितेय.

परवा रात्री जाग आली, अडीच-तीन असतील. पाणी प्यायला उठले होते, तहज्जुदचं वगैरे काही डोक्यात नव्हतं. ओट्याला टेकून उभी होते. वजू नाही, डोक्यावर ओढणी नाही. आणि सहज तोंडातून गेलं, "तू जागा आहेस ना?" म्हणजे प्रश्न मूर्खपणाचाच. आयतुल कुर्सी या आयतीत रोज म्हणते की त्याला ना डुलकी येते ना झोप.

मग मी भांडले. दोन वर्षांचं सगळं काढलं. अमुक दिवशी मी मागितलं होतं, आठवतं? तमुक दिवशी? मध्येच माझ्या दुखऱ्या दाढेबद्दल बोलले, शेजारणीच्या मुलीबद्दल बोलले, ऑफिसातल्या एकीचं वाईट चिंतलं आणि लगेच मागे घेतलं. हम्द नाही, दुरूद नाही, क्रम नाही. पेल्यातलं पाणी प्यायचंच राहिलं. किती वेळ गेला माहीत नाही, पाय दुखायला लागले तेव्हा कळलं.

ती गोष्ट अजून मिळालेली नाही. मिळेल असं पक्कं वाटतंय असंही नाही. "कोण ऐकतंय" म्हणणारा आवाज काल पुन्हा आला होता. पण आता मी त्याची तक्रारही तिथेच करते.

@निळी_शाई, 'तू' चं श्रेय तुझं.

@इल्म_आधी, त्यानंतर वजू करून दोन रकात नफ्ल (ऐच्छिक नमाज) पढले आणि दुरूदही. उशिरा का होईना. दुआ कुरआनातलीच केली, मूसा (अ.) यांची, मदयनच्या झाडाच्या सावलीतली: माझ्या रब, तू जे काही भलं माझ्याकडे पाठवशील त्याची मला गरज आहे. घर नाही, काम नाही, मागे मारेकरी, आणि यादी काहीच नाही. या वेळी अर्थ डोक्यात ठेवून पढली. मीटिंग आली मध्ये एकदा. हाकलली.

इल्म_आधी

माशाअल्लाह. भांडणाबद्दल: याकूब (अ.) म्हणतात, मी माझं दुःख आणि शोक अल्लाहपुढेच मांडतो. सूरह यूसुफ, ८६. अल्लाहची तक्रार लोकांकडे करणं आणि स्वतःची व्यथा अल्लाहकडे नेणं, यात फरक आहे. तुम्ही दुसरं केलंत.

निळी_शाई

इल्म_आधी यांना माझ्याकडून +१. तारीख लिहून ठेवा.

कोरी_पाटी

अम्मीला काकांचा सलाम सांगितला. ती म्हणाली, त्यांच्या वहीत माझ्या मुलाचं नाव लिहायला सांग. मी विचारलं, पुढे काय लिहायचं? म्हणाली, "ते त्याला माहीत आहे." म्हणजे अल्लाहला की मला, ते कळलं नाही. विचारलं नाही.

चष्मा_शोधतोय

लिहिलं. ओंजळताईंचंही परवाच लिहिलंय. खरं नाव विचारत नाही, 'अर्धी ओंजळ' असंच आहे, आणि पुढे 'दोन वर्षांपासूनचं'.

पहाटपक्षी

काका, माझंही लिहा. दाढ माझीही दुखतेय.

तिरकस_रेघ

काका, माझंही. निकाल १२ तारखेला आहे.

चष्मा_शोधतोय

लिहिलं. १३ तारखेला इकडे फिरकलात तरच टिंब देईन.